टाक्यात न विरलेला सूर

लमारला पाजून इंजी निघाली तेव्हा अलेक्झांड्रियात लख्ख दुपार होती. टाक्यावरच्या बागेतल्या बाकावर तिचा नवरा हाझिम बाळाला मांडीवर घेऊन बसला होता.

"जा गं निवांत. तीन महिन्यांची आहे, तीन दिवसांची नाही."

"मध्येच भूक लागली तर?"

"तर तू खाली वाजव. आम्ही दोघं इथं रडतो."

इंजी हसली खरी. पण तान्ही पोर वर ठेवून जमिनीखालच्या पुरातन टाक्यात व्हायोला वाजवायला जाणारी ही कसली आई, असा प्रश्न तिला पायरीपायरीवर पडत होता. सासूबाईंनी तो विचारला नव्हता. इंजीच स्वतःला विचारत होती, सासूबाईंच्या आवाजात.

खाली ओल्या दगडाचा, शेवाळाचा वास होता. खांबांवर खांब रचलेले, मध्ये मेणबत्त्या, आणि उशांवर टेकलेले तीसेक श्रोते. वाजवणारे दोघंच. चेलोवर उस्ताद रऊफ आणि व्हायोलावर इंजी. रचना उस्तादांची, आणि तिचा नियम एकच: आपला सूर टाक्यात घुमून पुरता विरेपर्यंत पुढचा काढायचा नाही. शेवटचा विरला की कार्यक्रम संपला. रस्त्यावरचे भोंगे आत येऊ नयेत म्हणून राखणदार शबानकाका लोखंडी दार बाहेरून लावून घेणार होते. आत चिडीचूप झालं की उघडायचं, असं त्यांना सांगून ठेवलं होतं.

"आणि झालंच नाही चिडीचूप तर?" इंजीनं विचारलं होतं.

ओल्या बाळंतिणीकडे बघावं तसं उस्तादांनी तिच्याकडे बघितलं. "अगं, आवाज आहे तो. थकतो."

शेवटचा सूर इंजीचा होता. तिनं गज उचलला आणि वाट बघत बसली.

सूर खांबांमधून फिरून आला. पुन्हा गेला. पुन्हा आला... आणि या खेपेला जरा जवळून.

मेणबत्त्या निम्म्यावर आल्या. श्रोते आधी डोळे मिटून ऐकत होते, मग एकमेकांकडे बघू लागले. इंजीची छाती दुधानं ठणकत होती. वर पोर टाहो फोडत असणार.

"उस्ताद..." ती कुजबुजली, "थकत नाहीये हा."

"श्श..." उस्तादांच्या कपाळावर घाम होता. "बोलू नकोस. त्यात भर पडेल."

पण आईच ती. तिला राहवेना. ती उठून ओरडली, "काका, दार उघडा!"

चूक झाली. 'उघडा' टाक्यात शिरलं आणि तेही विरेना. उघडा... उघडा... कुणी दारावर मुठी आपटल्या, तर त्यांचाही धडधडाट येरझाऱ्या घालू लागला. बाहेर शबानकाका म्हणत असतील, आजकालचं संगीत! चालू आहे अजून.

कुणीतरी हुंदका दिला. तोही राहिला.

आता ओरडून उपयोग नव्हता. इंजीनं गज तारांवर ठेवला आणि रात्री लमारला खांद्यावर घेऊन गुणगुणते ते वाजवलं. दोनच सूर, झुलणारे. अगदी हलके.

अंधारातून कुणीतरी तिच्याबरोबर गुणगुणलं.

तिनं गज थांबवला नाही. ती गुणगुण मागच्या खांबाशी आली, तिच्या मानेशी आली... क्षणभर घुटमळली. मग पायऱ्यांच्या दिशेनं वर वर गेली. त्या गुणगुणीमागून 'उघडा' गेलं, हुंदका गेला.

चिडीचूप.

बऱ्याच वेळानं कडी वाजली. इंजी शबानकाकांना ढकलतच बाहेर धावली. बागेत ऊन कललं होतं. लमार गाढ झोपली होती.

"रडली का रे खूप? उपाशीच झोपवलीस?"

"उपाशी कशी?" हाझिम म्हणाला. "मघाशी येऊन पाजून गेलीस की. माझ्याकडे पाठ करून बसलीस, नुसती गुणगुणत. एक शब्द बोलली नाहीस. रागावलीस का?"

मागून धापा टाकत आलेले शबानकाका जागीच थांबले. "पोरी... दार तर मी आत्ता उघडलं."

इंजी वाकली. बाळाच्या ओठांच्या कडेला दुधाचा थेंब होता. तिनं तो बोटानं टिपला. बर्फासारखा गार...

तिनं घाईघाईनं पोरीला छातीशी घेतलं. लमारनं झोपेतच तोंड फिरवलं, आणि चोखत राहिलेले ओठ टाक्याच्या दाराकडे पुढे केले.