रद्द झालेली ट्रिप

कीर्तनात पहिल्या ओळीत बसणारी बाई मी. देवाच्या दारात खोटं बोलायची नाही.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. भर दुपार. करंजाड्यातलं एक छोटं ऑफिस.

माझी मावसबहीण अनुया तिथे जावास्क्रिप्टमध्ये अ‍ॅपचा कोड लिहायची. न्हावा शेवा बंदराच्या ट्रेलरना अ‍ॅपवरून ट्रिप जायच्या. तिने काशिराम ड्रायव्हरला ट्रिप पाठवली, उत्तर यायच्या आत त्याचाच फोन.

"ताई, ताप हाय. आज आमाला नाय जमनार."

"रद्द करते, काका. झोपा तुम्ही."

तिने स्वतःच बनवलेलं बटण दाबलं. स्क्रीनवर आलं... रद्द.

संध्याकाळी गव्हाणच्या पुढे काशिरामचा ट्रेलर खाडीत गेला.

चौथ्या दिवशी त्याची बायको भागी ऑफिसात आली. रडली नाही.

"झोपला हुता. मोबाइल वाजला. बोलला, ताईंनी परत दिली, अडचण असंल त्यांची. गेला."

शेजारच्या टेबलावरच्या प्रणितने कोड उघडला.

"अनुया... तुझं बटण फक्त आपलं उत्तराची वाट बघणं थांबवतं गं. निरोप सर्व्हरवर पोचला होता, तिथून काकांच्या मोबाइलवर गेला. सर्व्हरला रद्द कळवलंच नाहीस."

रात्रंदिवस बसून तिने ते दुरुस्त केलं. पण माणूस कुठून आणणार?

तेराव्या दिवशी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी, ती कोड पुन्हा तपासत होती.

एसीची घरघर थांबली.

रस्त्यावरचे हॉर्नही...

स्क्रीनवर एक प्रॉमिस, म्हणजे कोडमधलं उत्तर यायचं बाकी असलेलं काम, वाट बघत पडलं होतं. ट्रिप काशिरामची.

तिने रद्द केलं. सर्व्हरलाही कळवलं. रद्द.

ते तसंच होतं.

तिने कॉम्प्युटरची वायर उपटली.

...आणि तिचा मोबाइल वाजला. नंबर काशिरामचा. तो मोबाइल तर त्याच्याबरोबर खाडीत गेलेला!

"काका, उतरा! नका जाऊ!"

इंजिनाची धडधड. मग दमलेला आवाज...

"तुमीच दिली नं, ताई?"

प्रणितला फक्त अनुयाचं ओरडणं ऐकू आलं.

नोकरी सुटली. नंबर बदलला. मी तिला कीर्तनाला नेते, तिच्यासाठी नाम घेते. मन कुठे लागतंय तिचं?

रोज दुपारी तीन दहाला मी तिला फोन करते.

'दुसऱ्या कॉलवर व्यस्त आहे' असं ऐकू येतं.

ती कोणाशी बोलते... हे विचारायची माझी अजून छाती झालेली नाही.