मार्कीची परवानगी

फ्रान्समध्ये, बर्गंडीतल्या त्या गावात लग्नं नगरभवनातच लागायची, आणि तिथे मेयरच्या टेबलाला लागूनच, चौथऱ्यावर, मार्की होता. जुन्या काळचा उमराव, संगमरवरात छातीपर्यंत कोरलेला. डोक्याला केसांचा टोप, गळ्याशी लेस, बोलता बोलता थांबल्यासारखे किंचित उघडे ओठ. त्याच्या हयातीत त्याला विचारल्याशिवाय गावात कुणाचं लग्न होत नसे. क्रांतीत त्याचं डोकं उडालं, त्यालाही आता दोनशेवर वर्षं झाली. तरी वधूने आधी त्याच्यापुढे मान लववायची रीत काही सुटली नव्हती.

ओदिलला या रीतीची तिडीक होती. तिची आई, जिलबर्त, याच दालनात मान न लववता ताठ उभी राहिली होती. मेयरनी विचारलं आणि ऐन वेळी तिच्या तोंडून शब्दच फुटला नाही. नवरदेवाला वाटलं, हिला मी नकोच आहे. तो दुपारच्या बसने गेला तो गेलाच. त्याच हिवाळ्यात ओदिल जन्मली.

"लववून टाक गं एकदा," लग्नाच्या सकाळी तिच्या केसांत फुलं खोवताना जिलबर्त म्हणाली. "अंगाला काय भोकं पडणार आहेत?"

"तुझा संसार मोडला त्याने, ममां, आणि मी त्याच्यापुढे वाकू? दगड आहे तो!"

"म्हणून तर म्हणते. दगडाला दयामाया असते का?"

दालनात शिरल्या शिरल्या ओदिलने टेबलावरचं कापड ओढलं आणि सरळ मार्कीच्या डोक्यावरून टाकलं. तिचा होणारा नवरा बास्तियां खदखदून हसला. पाहुण्यांपैकी कुणी हसलं नाही. तेवढ्यात मेयर आले, म्हणून सगळे दाराकडे वळले.

परत वळले तेव्हा मार्कीच्या चेहऱ्यावर कापड नव्हतं. ते खाली पडलेलंही नव्हतं. नीट घडी होऊन चौथऱ्यावर ठेवलेलं होतं.

"कुणाचा हा चावटपणा?" मेयरनी विचारलं. मग त्यांनी घसा खाकरून विधी सुरू केला.

"ओदिल, बास्तियांला पती म्हणून स्वीकारतेस?"

तिने तोंड उघडलं. घशात गारठा उतरला. आवाज नाही.

"ओदिल?" बास्तियांचा चेहरा उतरला.

तिने जोरजोरात होकारार्थी मान हलवली.

"तसं चालायचं नाही, पोरी," मेयर हळूच म्हणाले. "तोंडाने म्हणावं लागतं."

मागे जिलबर्तचा हुंदका फुटला.

ओदिलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तरातरा चौथऱ्यापाशी गेली आणि त्या अर्धवट उघड्या ओठांवर तिने उजवा तळवा गच्च दाबला.

"हो!" दालन दणाणलं. "हो, हो आणि हो! याला न विचारता!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. जिलबर्त रडता रडता हसत होती. मेयरनी सहीसाठी पेन पुढे केलं.

"इकडेच आणा," ओदिल म्हणाली. सही तिने डाव्या हाताने केली.

"आता तरी काढ की हात," बास्तियां कानाशी पुटपुटला.

"आधी सगळ्यांना बाहेर ने."

तळव्याखाली ओठ अजून हलत होते.