चोरलेला वारा

मायलिसने त्याचं चाक धरलं तेव्हा तिच्या मनात खरंच काही पाप नव्हतं.

ओतां सुटला होता. हा वारा त्या मुलखात पाहुण्यासारखा येत नाही, जावयासारखा येतो. एकदा आला की ठाण मांडून बसतो, खिडक्या आदळतो आणि घरातल्या सगळ्यांना चिडकं करून सोडतो. संध्याकाळी औषधांचं दुकान बंद करून मायलिस एकटीच सायकल घेऊन बाहेर पडली होती. जाताना वारा पाठीशी होता, म्हणून ती हावरटासारखी लांब गेली. परतताना तोच वारा छातीवर. मोंतारेल गाव अजून टेकड्यांपलीकडे, आणि पायांत शिसं ओतलेलं.

तेवढ्यात एका शेतवाटेवरून तो रस्त्यावर आला. निळी जर्सी, रुंद पाठ, एका लयीत फिरणारे पाय... मायलिस गुपचूप त्याच्या मागच्या चाकाला जाऊन चिकटली. आणि जग एकदम शांत झालं.

पुढचा सायकलवाला वारा फोडतो, मागचा त्याच्या आडोशाने सुखात जातो. म्हणून पाळीपाळीने पुढे यायचं, हा रस्त्याचा धर्म. पुढचा थकला की कोपर जरासं बाहेर हलवतो – ये, आता तू. मायलिसला हे बोलायला लागल्यापासून ठाऊक होतं. फेर्नांमामाच तर सायकल क्लबचा अध्यक्ष.

त्याने कोपर हलवलं.

मायलिस सूर्यफुलांकडे बघू लागली. छान फुलली होती या वर्षी.

जरा वेळाने कोपर पुन्हा हललं. या खेपेला तिला आपल्या बुटांच्या बंदांची भारी काळजी वाटू लागली.

तिसऱ्यांदा मात्र कोपर हललं नाही. तो मुकाट्याने ओढत राहिला. टेकडीमागून टेकडी, चिनाराच्या झाडांची रांग, पाण्याची टाकी... आणि मग उतार लागला, उताराखाली मोंतारेलच्या नावाची पाटी दिसली, आणि मायलिसच्या पायांनी तिला न विचारताच ठरवलं. क्लबात दर रविवारी गावच्या पाटीपर्यंत शर्यत लागते. पाटी दिसली की म्हातारेसुद्धा घोडे होतात. ताज्या दमाची मायलिस उभी राहिली, सपकन त्याच्या पुढे गेली, पाटी ओलांडली आणि – हे तिला पुढे कितीतरी दिवस झोपू देणार नव्हतं – दोन्ही हात वर केले.

हात खाली आले तशी लाज वर चढली. मागे न बघता ती पहिल्याच गल्लीत घुसली.

सोमवारी दुकानाचं दार वाऱ्याने उघडलं आणि एक तरुण आत आला. उन्हाने सोललेलं नाक, पुढच्या दातांत फट. कोण हा परगावचा, असं तिला वाटतंय तोवर दार लोटायला तो वळला... आणि तिला पाठ दिसली.

ती पाठ तिने जगातल्या कुठल्याही पाठींत ओळखली असती.

"गुडघ्याला लावायला काही द्या," तो म्हणाला. "मी तांगी. ब्रिटनीहून आलोय, देशाच्या पार दुसऱ्या टोकाहून. तुमच्या टेकडीवरच्या पवनचक्क्या दुरुस्त करायला."

"गुडघ्याला काय झालं?" मायलिसने मलमाच्या खोक्याला विचारलं. त्याच्याकडे बघायची सोय नव्हती.

"वारा पोटाला देतो, पण गुडघ्याकडून वसूल करतो. शनिवारी तुमच्या गावात एक चोर भेटली हो."

"च-चोर?"

"माझा वारा चोरला तिने. सबंध वाट मागे बसून आली, कोपर हलवलं तर सूर्यफुलं मोजायला लागली, आणि शेवटी पाटीसुद्धा मारली! वर हात असे..." त्याने दुकानात दोन्ही हात वर करून दाखवले.

खरं तर हीच वेळ होती. 'ती मी' – एवढंसंच वाक्य. पण मायलिसच्या तोंडून निघालं ते भलतंच.

"किती निर्लज्ज असतील एकेक!"

"नाही तर काय! तुम्ही चालवता सायकल?"

"मी? छे! मला तर... तोल सांभाळता येत नाही."

मागच्या खोलीच्या दारात खोकं घेऊन उभ्या असलेल्या फेर्नांमामाचा जबडा खाली आला. मायलिसने मलमाची नळी पुढे केली. तांगीने नळी घेतली, क्षणभर तिच्या हातांकडे पाहिलं, नाक चोळलं आणि गेला.

"मग इतकी वर्षं रविवारी माझ्याबरोबर कोण येतंय?" मामाने विचारलं. "भूत?"

तिने सगळं सांगून टाकलं. मामा रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो नुसता म्हणाला, "हात पण वर केलेस?" आणि खोकं उचलून आत गेला.

त्यानंतर तांगीला काही ना काही होतच राहिलं. बुधवारी घसा धरला. शुक्रवारी बोट कापलं. पुढच्या आठवड्यात दातांची पेस्ट संपली, आणि दोन दिवसांनी पुन्हा संपली.

"खाता की काय पेस्ट?" मायलिसने विचारलंच.

"तुमच्याकडचं सॉसेज फार लसूण घालून करतात. बोलायला जायचं तर दात नकोत घासायला?"

"कुणाशी बोलायला जायचं?"

"आहे एक. पण ती बघतच नाही माझ्याकडे. मलमांशीच बोलते."

मायलिस कानापर्यंत लाल झाली. त्याला वाटलं असेल लाजली. लाजली होतीच... पण त्या लाजेच्या पोटात दुसरी लाज होती, आणि ती गोड नव्हती. तो हसला की तिला बरं वाटायचं. बरं वाटलं की ते वर केलेले हात आठवायचे. ज्याच्या पाठीआड बसून आपण आलो त्याच्याशीच खोटं बोलतोय, आणि वर त्याचं हसूही फुकटच घेतोय!

"सापडली का तुमची चोर?" एकदा तिने धीर करून विचारलं.

"शोधतोय."

"सापडली तर काय कराल?"

"एक प्रश्न विचारीन."

"कोणता?"

"तो तिलाच." तो दारापाशी थांबला. "रविवारी क्लबाबरोबर येतोय मी. मामांनी बोलावलंय. तुम्ही चौकात याल? हात हलवायला? तोल गेला तर धरू आम्ही."

दार बंद झालं तेव्हा मायलिसने मामाकडे पाहिलं. मामा चष्मा पुसत होता.

"घरी बसलीस तर त्याला कधीच कळणार नाही," तो म्हणाला. "पण मग मंगळवारी पेस्ट द्यायला मी बसेन. तुझ्याच्याने नाही व्हायचं."

रविवारी सकाळी ओतां पुन्हा सुटला होता. चौकात सगळे निघायच्या बेतात असताना ती आली. त्या शनिवारचीच लाल जर्सी, तशीच पाठीवर वेणी. सगळ्यांनी 'उशीर, उशीर' म्हणून ओरडा केला. पाठ करून आणलेली माफी ऐन वेळी तिला आठवेना. ती तांगीपाशी जाऊन फक्त म्हणाली, "माझं चाक धर."

आणि वाऱ्याच्या तोंडावर निघाली.

मागे मामाने हात आडवा करून सगळ्या घोळक्याला थोपवलं. "आज हळू! माझा गुडघा दुखतोय!"

मायलिसने मान खाली घातली. वारा डोळ्यांत, कानांत, दातांत. मांड्या पेटल्या. एक टेकडी गेली, दुसरी गेली. तिने कोपर हलवलं नाही.

"अगं, हलव की!" मागून आवाज आला.

"नाही."

"मरशील!"

"मरू दे."

"रविवारी औषधांचं दुकान बंद असतं, बाई!"

तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्याने, असं तिने ठरवलं. पुढच्या गावची पाटी आली तशी तिने ब्रेक दाबला, पाय टेकला आणि बाजूला झाली.

"जा. पाटी तुझी."

तो गेला नाही. त्यानेही पाय टेकला. दोघं पाटीच्या अलीकडे, धापा टाकत.

"ती... ती मी होते," मायलिस रस्त्याकडे बघत म्हणाली. "आणि मी दुकानात खोटं बोलले. आणि तुझ्यासमोर हसले. मला फार – फार लाज वाटते, तांगी."

"माहीत आहे."

"लाज वाटते ते?"

"ती तू होतीस ते. पहिल्या दिवसापासून. मलम देताना तुझे हात पाहिले ना. बोटं उन्हाने भाजलेली आणि पंजा दुधासारखा पांढरा! सायकलच्या अर्ध्या बोटांच्या हातमोज्यांशिवाय असे हात कुणाचे होतात? आणि म्हणे तोल सांभाळता येत नाही!"

मायलिसने घाईने हात पाठीमागे लपवले. "आणि मला बोलू दिलंस? निर्लज्ज म्हणाले मी... स्वतःलाच!"

"हसू दाबताना गाल चावला गेला. म्हणून तर पुन्हा यावं लागलं." तो गंभीर झाला. "तू आपणहून सांगशील म्हणून वाट बघत होतो. कपाटात पेस्ट मावेना, तरी."

वारा पाटीवर आपटून शीळ घालत होता.

"प्रश्न विचार तुझा," ती हळूच म्हणाली. "कसलाही असो."

"तिसऱ्यांदा मी कोपर का हलवलं नाही, हे तुला कधी विचारावंसं वाटलं नाही?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"ऊन पाठीशी होतं. तुझी सावली माझ्या बाजूने पुढे पडली होती. वेणी अशी हलत होती... परक्या मुलखात महिनाभर कुणाशी धड बोललो नव्हतो मी. वाटलं, ही पुढे आली तर सावली जाईल." त्याने नाक चोळलं. "वारा तू चोरलास खरा. पण मीही काही साधासुधा नव्हतो."

मायलिसने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट, डोळ्यांत बघितलं. लाज होतीच अजून. पण तिच्यातला काटा कुठेतरी गळून पडला होता.

मागून मामाचा घोळका आला, त्यांना ओलांडून पाटीकडे तुटून पडला, आणि गुडघेदुखीवाल्या मामानेच पाटी मारली.

परतीला वारा पाठीशी होता. पाठीशी वारा असला की कुणाला कुणाच्या आडोशाला लपावं लागत नाही. दोघं शेजारी शेजारी चालवत होते, जवळजवळ पाय न मारता. मोंतारेलच्या चर्चचा मनोरा दिसला, तसं त्याने तिच्याकडे न बघता कोपर बाहेर हलवलं.

दोन्ही बाजूंना सूर्यफुलं होती. मायलिसने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

तिने ते कोपर धरलं.