फॉर्मने दिलेली ओ

हे मी रचून सांगत नाही. रचता आलं असतं तर शेवट तरी वेगळा केला असता.

मी ममता. शहाद्याला राहते. दुकानांच्या, दवाखान्यांच्या वेबसाइट बनवते. अशा पेजवरच्या भुताच्या गोष्टी मीही वाचायचे आणि खाली हसण्याचा इमोजी टाकून पुढे जायचे. तुम्हीही टाका, माझी हरकत नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. सारंगखेड्याची यात्रा नुकतीच उठली होती. मी माहेरी, कळसाडीला आले होते. मंगळवार होता. दिवेलागणीची वेळ. आम्ही तिघं घराच्या ओट्यावर बसलो होतो. मी, माझा धाकटा भाऊ भाग्येश आणि आमची माय, धनुबाई.

भाग्येश विहिरीतल्या, बोअरमधल्या मोटरी बाहेर काढायचं काम करायचा. कुणाची मोटर जळाली की त्याला फोन. आणि हा पहिल्या रिंगला फोन उचलायचा. हातातला घास ताटात टाकून गाडी काढायचा. त्याच्यासाठी मुली बघणं चालू होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, असं मी त्याला चिडवायचे.

"पहिले नवरी तं दखाड, ताई," तो म्हणायचा.

त्याला स्वतःची वेबसाइट हवी होती. त्या संध्याकाळी मी ती पुरी करत आणली होती. फक्त संपर्काचा फॉर्म राहिला होता. त्याला वेगळं काही बसवावं लागत नाही. ज्या पानावर आपण मजकूर लिहितो, तिथेच अधिकचं चिन्ह दाबायचं, फॉर्म निवडायचा, की रकाने येतात.

नाव. गाव. मोबाईल. अडचण काय आहे.

चारही रकाने मी सक्तीचे केले. एकही कोरा ठेवला तर निरोप जातच नाही. लाल अक्षरात सूचना येते. सगळं भरून 'पाठवा' दाबलं की समोरच्याला एक वाक्य दिसतं. तिथे मी लिहिलं, 'तुमचा निरोप मिळाला. आभारी आहोत.'

भाग्येशला ते मुळीच आवडलं नाही.

"हाई काय सरकारी लिखं, ताई? लिख – हो, आलोच! भाग्येश. बटन दाबं का लगेच ओ भेटनी जोयजे."

माय बाजूला गहू पाखडत होती. तिचं सूप थांबलं.

"कोन शे, कोठला शे, काय बी ठाव नई, आनी ओ दी देवानी?" ती म्हणाली. "पहिली हाकले ओ देवानी नई रे भाऊ. खरा मानूस परत हाक मारस."

आमच्याकडे जुनी माणसं हे मानतात. तिन्हीसांजेला कुणी नाव घेऊन हाक मारली, तर पहिल्या हाकेला गप्प राहायचं. दुसऱ्यांदा हाक आली तर माणूस आहे. जे माणूस नसतं, ते एकदाच हाक मारतं. त्याला ओ दिली की आपण त्याचे.

भाग्येश खो खो हसला. "माय, हाऊ फॉर्म शे. भूत काय लिखाले बसस?"

मीही हसले. त्याला हवं ते वाक्य टाकलं आणि पान प्रसिद्ध केलं.

आणि लगेच... त्याचा मोबाईल वाजला.

फॉर्मवरून पहिला निरोप आला होता. वेबसाइटचा पत्ता अजून कुणालाच दिला नव्हता.

भाग्येशने खुशीत उघडला. मग त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला.

नाव... कोरं.

गाव... कोरं.

मोबाईल... कोरा.

अडचणीच्या रकान्यात एकच शब्द होता.

भाग्येश.

मला आधी माझाच राग आला. काहीतरी चुकलं असणार. मी माझ्या मोबाईलवर तो फॉर्म उघडला, सगळं कोरं ठेवून 'पाठवा' दाबलं. लाल अक्षरं आली. 'हा रकाना भरणं आवश्यक आहे.' पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. कोरा निरोप जातच नव्हता.

मग हा कसा आला?

तेव्हा माझ्या लक्षात आलं... शिवार गप्प झालं होतं.

त्या वेळी आमच्याकडे शेतीच्या मोटरींसाठी थ्री फेज वीज असते. केळीत, उसात, सगळीकडे मोटरींची घरघर चालू असते. ती घरघर थांबली होती. वीज गेली असेल म्हणून मी घरात पाहिलं. दिवा जळत होता.

आणि अंगणात, भाग्येशच्या गाडीत ठेवलेली, मोटर ओढायची लोखंडी साखळी... हळूच खुळखुळली.

वारा नव्हता. गाडीजवळ कुणी नव्हतं.

"काय ऊनं?" मायने विचारलं.

भाग्येशने वाचून दाखवलं. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"तू ओ दिन्ही?"

"मी कोठे दिन्ही, माय? फॉर्मनी दिन्ही."

"कोन्हा नावनी?"

वाक्याच्या शेवटी नाव भाग्येशचंच होतं. मोटरींची घरघर परत सुरू झाली. तेवढ्यात मी ते वाक्य काढलं. मग फॉर्मच काढून टाकला.

माय माझ्याकडे बघत होती. "पुसीसन काय व्हई, ममता? तेनी आयकी लिधी." ओ ज्याने ऐकायची, त्याने ऐकून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी मोबाईल पुन्हा वाजला. पानावर फॉर्म नव्हता. तरी निरोप फॉर्मवरूनच आला होता. वरचे रकाने कोरे. खाली...

आलोच सांगं ना तू? कव्हय येशी?

कधी येणार, असं विचारत होतं. आमच्याच बोलीत.

मी सगळी वेबसाइट उडवली. त्यानंतर निरोप आला नाही. आम्हाला वाटलं, सुटलो.

पण मग भाग्येश जेवता जेवता मान वर करायला लागला. कुणीतरी मागून बोलावल्यासारखा वळायचा आणि म्हणायचा, "हो, आलोच." उठायचा नाही. परत जेवायला लागायचा. विचारलं तर म्हणायचा, कुठे काय, मी काहीच बोललो नाही.

मग त्याहून वाईट झालं.

त्याला आमची हाक ऐकू येईना.

माय दारातून हाक मारायची. एकदा. परत. परत. तो पुढ्यात बसलेला असायचा आणि ढिम्म हलायचा नाही. हात लावला की दचकायचा. "हाक तं मारनी व्हती ना माय," म्हणायचा. माय तोंडाला पदर लावून आत जायची. जो पोरगा पहिल्या रिंगला फोन उचलायचा, त्याला स्वतःच्या आईची हाक पोचत नव्हती.

नंदुरबारला कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. कान उत्तम आहेत, म्हणाले. मग अक्कलकुव्याच्या वर डोंगरात जामसिंग म्हणून एक भगत आहेत, त्यांच्याकडे नेलं. हो, मी नेलं. कॉम्प्युटर शिकलेल्या बाईने. वेळ आली की सगळे जातात.

जामसिंगबाबांनी कौल बघायला हातात दाणे घेतले, भाग्येशकडे पाहिलं. मग मला विचारलं, "हाक कोणी मारली? नाव काय?"

"माहीत नाही."

"गाव?"

"तेही नाही, बाबा. कोरं होतं."

त्यांनी हातातले दाणे परत पिशवीत टाकले. "नाव नाही, गाव नाही. मी कोणाला अडवू, बाई? कुठे जाऊन सांगू, याला सोड म्हणून?"

त्यांनी नारळसुद्धा ठेवून घेतला नाही. परतताना गाडीत भाग्येश खिडकीबाहेर बघत एकदा म्हणाला, "हो."

मायने गाडीची किल्ली पदराला बांधली. त्याला एकटं सोडायची नाही. मला शहाद्याला परतावं लागलं, त्यामुळे पुढचं तिने सांगितलं तसं सांगते.

दुपार होती. माय चुलीपाशी होती. तिला साखळीचा आवाज आला. बाहेर आली तर भाग्येश ती जड साखळी खांद्यावर टाकून उभा. कामाला निघतो तसा.

मायने त्याला धरलं. "जाऊ नको, भाऊ. मी हाक मारी ऱ्हायनी ना तुले."

त्याने तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं. घाईत असल्यासारखा. "हो... आलोच," म्हणाला.

तिचे हात सोडवून तो घरामागच्या उसात शिरला. ती ओरडत मागे धावली. दाट ऊस. पुढे साखळीचा आवाज येत होता. खुळखुळ... खुळखुळ... ती आवाजाच्या मागे जात राहिली.

मग आवाज थांबला. शिवारातल्या मोटरीही थांबल्या होत्या, असं ती सांगते.

सगळं गाव शोधायला आलं. पोलिसांत नोंद केली. पुढे उसाची तोड झाली, फड मोकळा झाला. भाग्येश नाही. साखळी नाही. त्या वावरात विहीर नाही, बोअरसुद्धा नाही. त्याच्या चपला बांधापाशी होत्या, एवढंच.

त्याला आता वर्ष होत आलं. त्याचा मोबाईल माझ्याजवळ असतो. मी तो चार्ज करून ठेवते. का, ते विचारू नका. नवरा म्हणतो, बंद कर आता. माझ्याने होत नाही.

गेल्या महिन्यात संध्याकाळी तो वाजला.

ती वेबसाइट आता कुठेच नाही. मी पुन्हा पुन्हा तपासलं. तरी फॉर्मवरून निरोप आला होता.

गाव कोरं. मोबाईल कोरा.

पण नाव या वेळी भरलेलं होतं... भाग्येश.

आणि अडचणीच्या रकान्यात...

माय.

मी तो मोबाईल छातीशी धरून रडले. मग वाट पाहिली. त्या रात्री पाहिली, दुसऱ्या दिवशी पाहिली, अजून पाहते आहे. दुसरा निरोप आलेला नाही.

माय रोज तिन्हीसांजेला मला फोन करते. "भाऊनं काही ऊनं का, ममता?"

मी म्हणते, नाही, काही नाही आलं.

मला माहीत आहे, तिला सांगितलं तर ती पहिल्याच हाकेला ओ देईल.