हूकवरचा एप्रन

मूर्खपणा माझाच होता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणाला शोधत बसायला नको. एप्रनच्या नाडीला निरगाठ बसली होती. तशी चूक गाठीचीही नाही, पोटाची आहे. दोन वर्षांपूर्वी ज्या नाडीचं मागे छान फूल व्हायचं, तिची टोकं आता एकमेकांना जेमतेम भेटतात. म्हणून मी एप्रन काढला नाही. पुढचं सगळं त्यातून झालं.

मी दवाखान्याच्या धुलाईखात्यात आहे. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे. यंत्रातून पिळून निघालं की सगळं वाळवणीच्या खोलीत जातं. खोली लांबट, खिडकी नाही, दार लोखंडी आणि वीतभर जाड, कडी बाहेरून. आत तारांवर कपडे टांगायचे, बाहेर यायचं, दार लावायचं. चार वाजता मिस्त्री बाहेरचं बटण दाबतो. मग आत जी गरम हवा सुटते, तिच्यात ओली चादर अर्ध्या तासात पुठ्ठ्यासारखी होते. माणसाचं काय होतं, ते विचारायचं नसतं.

म्हणून आमच्याकडे नियम आहे. आत जाणाऱ्यानं आपला एप्रन दाराबाहेरच्या हूकवर टांगायचा. हूकवर एप्रन, म्हणजे आत माणूस. दार लावायचं नाही, बटण दाबायचं नाही. मी इथे लागायच्या आधी एक बाई होत्या, नियम त्यांच्यानंतरचा. एवढंच मला सांगितलं, आणि मी जास्त विचारलं नाही. मी भित्री. घरात पाल निघाली तर मी शेजारणीकडे जाऊन बसते.

सासूबाईंना याची गंमत वाटते. "अगं, एवढी घाबरतेस, तर देवावर भार टाक की. हात पुढे करायचा आणि म्हणायचं, धर रे बाबा."

"आणि भलत्याच कुणी धरला तर?"

"तेही त्याचंच लेकरू. तुझं काम हात पुढे करायचं."

असं आमच्या घरी चहा पितापिता चालतं. चहा पिताना माझाही देवावर भरपूर भरवसा असतो.

तर त्या दुपारी साडेतीनला खोलीच्या पार टोकाला एक अभ्रा खाली पडलेला दिसला. मिनिटभराचं काम. गाठीशी थोडी झटापट केली, ती सुटेना, गेले तशीच.

वाकून अभ्रा उचलला आणि मागे दार लागलं. धाडकन नाही. हळू, व्यवस्थित, नियमाप्रमाणे. मिस्त्रीनं हूक बघितला असणार. रिकामा. कडी पडली आणि दिवाही गेला, कारण त्याचं बटणही बाहेरच.

ओरडले. चाचपडत दारापर्यंत आले, थापा मारल्या. पलीकडे यंत्रं घरघरत होती, माझा आवाज म्हणजे नगाऱ्यापुढे टिमकी. माझ्या घड्याळाचे काटे अंधारात चमकतात. पावणेचार. म्हणजे पंधरा मिनिटं. ती संपली की मी आणि अभ्रा बरोबरच वाळणार होतो.

मग टोकाकडून आवाज आला. टप... टप... पिळून आलेले कपडे गळत नाहीत. हे ओल्या पायांचं होतं. पाठोपाठ चादरी हलायला लागल्या, एकेक करून, कुणीतरी अंगाने सारत यावं तशा. आणि साबणाचा वास आला. वडीचा साबण. आम्ही कित्येक वर्षं पातळ साबण वापरतो.

"कोण आहे?... कोण आहे तिथे?"

माझ्यापुढच्या ओळीपलीकडे पावलं थांबली. दाराला पाठ लावून मी उभी. मागे जायला जागा नव्हती, पळायला दार नव्हतं. करण्यासारखं एकच उरलं होतं, तेही सासूबाईंनी सांगितलेलं. लाज वाटली, पण हात पुढे केला.

"देवा," मी म्हटलं, "माझं काही चालत नाही आता. धर."

आणि धरला गेला. गार, ओलं काहीतरी. चादर म्हणावी, तर घट्ट धरून ठेवणारी.

मी किंचाळायला हवं होतं. मला स्वतःची सवय आहे, मीही वाटच बघत होते. पण किंकाळी आली नाही. भार टाकला होता, तो परत उचलून घ्यावा असं वाटेना. चार वाजता जे व्हायचं ते होईल, पण ते आता माझ्या एकटीवर नव्हतं. मग त्या शांततेत मला पलीकडचा श्वास ऐकू आला. तोकडा, धापा टाकल्यासारखा. घाबरलेला श्वास मला लगेच ओळखू येतो, उभा जन्म तो घेत आलेय. ती माझ्याहून घाबरलेली होती.

"देवा," मी म्हटलं, "इथे आम्ही दोघी आहोत. दोघींना सांभाळ."

श्वास हळूहळू लांब झाला. आम्ही तशाच उभ्या राहिलो. चार वाजले. चार वाजून दोन मिनिटं झाली. गरम हवा सुटली नाही.

मग हातातलं गार निघून गेलं आणि दार उघडलं.

"किती वेळ लावता ताई," मिस्त्री म्हणाला. "माझं बटण खोळंबलंय."

"दार लावलंतच कसं तुम्ही?"

"साडेतीनला हूक रिकामा होता. आता बटण दाबायला आलो, तर एप्रन टांगलेला. म्हणजे माणूस आत. म्हणून उघडलं."

"अहो, पण माझा एप्रन माझ्या अंगावर आहे!"

त्यानं माझ्याकडे बघितलं, मागे येऊन गाठही बघितली. मग आम्ही दोघांनी हूककडे बघितलं. तिथे निळ्या काठाचा एप्रन होता. तसे मी इथे कुणाच्याच अंगावर कधी बघितले नाहीत. खालच्या काठातून पाणी गळत होतं. टप... टप...

"मिस्त्री, मग हा कुणाचा?"

त्यानं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि दाराला टेकवून ठेवलं, दार लागू नये म्हणून.

"ते मला कसं ठाऊक असणार," तो म्हणाला. "पण टांगलाय तोवर दार लावायचं नाही. बाई अजून आत आहेत."