स्कॅनला न दिसलेला संगणक

सकाळी रुग्णालयातले सगळे संगणक एकदम अडकले. प्रत्येक पडद्यावर चोरांची धमकी: पैसे भरा, मगच फाइली उघडतील. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या आजीबाई तशाच पडून राहिल्या, कारण त्यांचे एक्स-रे उघडेनात.

तपासनीस बाई पोहोचल्या तेव्हा व्यवस्थापक साहेब नेटवर्क सांभाळणाऱ्या ताईवर तोंडसुख घेत होते.

"हिला पोलिसांत द्या! आतली माहिती दुसऱ्या कुणाला असणार?"

ताई उसळली. "मी घसा फोडून सांगत होते, नेटवर्कमधल्या फटी शोधणाऱ्या नुसत्या स्कॅनरवर विसंबू नका. पेनिट्रेशन टेस्टिंगवाले बोलवा. ते न सांगता येतात आणि आपल्या यंत्रणेत चोरांसारखं खरोखर घुसून दाखवतात."

"प्रत्येक स्कॅन हिरवा आला! मग विकतचे चोर कशाला आणायचे?" साहेब गरजले.

बाईंनी माग काढला. चोर एक्स-रे खोलीतल्या जुन्या संगणकातून शिरले होते.

"हा स्कॅनमध्ये एकदाही का दिसला नाही?" त्याच्यासमोर उभ्या राहून स्कॅनचे अहवाल चाळत बाईंनी विचारलं.

"मागच्या नेटवर्कच्या वायरचा खटका तुटलाय. निसटत असेल," साहेब म्हणाले. "बघायला नको हिने?"

"स्कॅन कधी चालतो?"

"सुट्टीच्या दिवशी. खोलीला कुलूप असतं तेव्हा."

"आणि किल्ली?"

"माझ्याकडे," साहेब म्हणाले.

संगणक भिंतीला खेटून होता. मागे हात जेमतेम जाई, नजर नाही. बाईंनी दोघांना तो ओढायला लावला. मागे धुळीचे थर, वायर मात्र हाताळून स्वच्छ. खटका खरंच तुटलेला होता.

बाईंचा आवाज चढला. "न बघता तुम्हाला हे कसं कळलं, साहेब? दर स्कॅनआधी वायर उपसून उपसून तुम्हीच तो तोडलात. स्कॅनर जोडलेलीच यंत्रं तपासतो. हा दिसला असता तर लाल खूण आली असती, आणि जुनं यंत्र उत्तम चालतंय असं विश्वस्तांना तुम्हीच छातीठोक सांगितलं होतं. घुसून बघणारे कधीही टपकले असते, म्हणून ते नकोत. चोरही असेच न सांगता आले."

साहेबांचा चेहरा उतरला. "मी... मी फक्त वायर काढत होतो."

"आणि दोष हिच्या माथी मारत होतात! लाज वाटत नाही?"

गलका ऐकून दारात आलेले विश्वस्त घाईने म्हणाले, "ताई, झालं गेलं सोडा. आता स्कॅनरच ठेवायचा की टेस्टिंग करून घ्यायचं?"

"दोन्ही. स्कॅनर रोज, घुसणारे न सांगता." तिने ती वायर उपटून साहेबांच्या पायाशी टाकली. "पण आधी हे माझी माफी मागतील. मग त्या आजींची."