तापातलं विरजण

सदुसष्ट सालचा डिसेंबर बंगळुरात असा गार पडला, की मल्लेश्वरमच्या त्या बिऱ्हाडात दहीच लागेना. शेजारच्या तुंगाबाईंनी शुभदाला तोड सांगितली.

"अक्का, भांडं शालीत गुंडाळून माणसाच्या कुशीत ठेव. स्वल्प ऊब मिळाली की लागतं. पण विरजण दिवेलागणीला घराबाहेर देऊ नको हं."

शुभदाचा नवरा रत्नाकर ऐकत होता, पण जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांच्या लहानग्या मुलीला, प्रेमाला, रक्ताचा कर्करोग होता आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. रत्नाकर प्रयोगशाळेत जंतू वाढवी. ते फोडले की एक प्रथिन निघे, आणि ते म्हणे त्या रोगाची उपासमार करतं. पण जंतू भारी कंजूष. अतिनील किरणांनी हजारो मारून, उरलेल्यांत तो एखादा उदार वाण शोधत बसे.

तसा एक सापडला, आणि नेमकी वीज गेली. जंतूंना ऊब देणारा इनक्यूबेटर गार पडला. रत्नाकरनं त्या वाणाचा काचेचा चंबू घरी आणला, शालीत गुंडाळला आणि तापानं फणफणलेल्या प्रेमाच्या कुशीत ठेवला. शास्त्रज्ञाला न शोभणारं काम. पण बुडत्याला काडीचा आधार.

सकाळी चंबू दुधासारखा दाट झाला होता. इतकं प्रथिन निघालं की सहकारी उपेंद्रनं मोजमाप पुन्हा केलं. वीज आली, तरी वाण इनक्यूबेटरमध्ये वाढेना. प्रेमाच्या कुशीतच वाढे.

त्या प्रथिनाची सुई दिसली की प्रेमा विचारी, "बाबा, फार दुखेल?"

"मुंगी चावल्याएवढं," तो म्हणे आणि तोंड फिरवून डोळे पुसे.

ताप उतरला. प्रेमा जेवू लागली, खेळू लागली. शुभदा आनंदानं रडली. रत्नाकरलाच खटकलं. पोरीचं अंग गार लागे, आणि हाक मारली की ती जरा उशिरानं वळे. कुशीबाहेर ठेवलेला चंबू मात्र निवत नसे.

औषध संपलं. जंतू पुन्हा फोडायला हवे होते. दिवेलागणीला त्यानं प्रयोगशाळेत न्यायला चंबू शालीत घेतला. काच तापानं फणफणली होती.

"आत्ता नका नेऊ," शुभदा म्हणाली. "सकाळी न्या."

"आणि सकाळी सुई कशाची देऊ तिला?"

अंगणात प्रेमा एकटीच लंगडी घालत होती. त्यानं हाक मारली.

ती वळली नाही.

छातीशी धरलेल्या शालीतून आवाज आला, "बाबा, फार दुखेल?"